आधी रेषा, मग रंग

‘चित्रे काढावीशी वाटतात, पण महागडे रंग आणायचे कोठून?’ ही तक्रार आपल्यात नेहमी ऐकू येते. माझ्या मते अडचण रंगांची नसून सरावाची आहे.

आपल्या मराठवाड्यातील अजिंठाच पाहा. तेथील कलावंतांनी भिंतीला मातीचा गिलावा दिला, वर पांढरा पातळ थर चढवला, रेषेने आकृती बांधली आणि मगच रंग भरले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी ही त्यांची सामग्री. दूरदेशाहून आणावा लागला तो लाजवर्दाचा निळा दगड तेवढा. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. जुन्या चित्रापुढे बसून हात वळवणे हेही शिक्षणच होय.

नवशिक्याला पेन्सिल आणि लाल, पिवळा, निळा एवढे जलरंग पुरेत. घागर, बैल, दुधनाकाठची बाभूळ रोज रेखाटावी. रंग फिक्याकडून गडदाकडे न्यावा. पहिला थर वाळल्यावरच दुसरा द्यावा. उजेडाच्या जागी कागद कोराच सोडावा, कारण जलरंगाने एकदा झाकलेला पांढरेपणा सहसा परत मिळत नाही.

मित्रहो, रंगपेटीची वाट पाहत बसलो, तर महाविद्यालयाची वर्षे सरतील आणि हात मात्र अडाणीच राहील.