मासे पूर्वेकडे, पेंग्विन मात्र बेटावरच!

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पेंग्विनच्या सहा प्रमुख वसाहतींभोवती सार्डिन आणि अँकोव्ही या माशांची व्यापारी मासेमारी दहा वर्षे बंद ठेवण्याचा आदेश प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयाने १८ मार्च २०२५ रोजी दिला. पक्षिसंरक्षक संस्था, मासेमारी उद्योग आणि सरकार यांच्यात झालेल्या तडजोडीवर न्यायालयाने उमटवलेली ही मोहोर होती. आदेशाचे स्वागत व्हायलाच हवे. परंतु त्याने काय वाचणार आणि काय वाचणार नाही, हे समजून घ्यायचे तर न्यायालयातून थेट समुद्रावर जावे लागते.

पेंग्विन म्हटले की मुंबईकरांना राणीची बाग आठवते. भायखळ्यात २०१६ मध्ये आलेले हम्बोल्ट पेंग्विन हे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. आफ्रिकन पेंग्विन हा त्यांचा सख्खा भाऊबंद. दोघांनाही बर्फ लागत नाही. लागतो तो समुद्राच्या तळाकडून वर येणाऱ्या थंड पाण्याचा प्रवाह आणि त्यावर पोसलेले माशांचे थवे. राणीच्या बागेतील पेंग्विनवरून झालेला वाद वातानुकूलन आणि खर्च यांभोवती फिरला. मूळ अधिवासातला प्रश्न अगदी साधा आहे, पोटाचा!

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आफ्रिकन पेंग्विनला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविले. जगातील पेंग्विनच्या सर्व जातींपैकी या यादीत गेलेली ही पहिलीच जात. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया मिळून आता विणीच्या जोड्या दहा हजारांपेक्षाही कमी उरल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी केप टाऊनच्या उत्तरेकडील एकट्या डासेन बेटावरच दहा लाखांहून अधिक पक्षी असल्याचा अंदाज होता. ऱ्हासाचा सध्याचा वेग कायम राहिला, तर २०३५ च्या सुमारास ही जात निसर्गातून जवळपास नाहीशी होईल, असे संशोधकांचे गणित आहे. न्यायालयाने घालून दिलेली दहा वर्षांची मुदतही त्याच वर्षी संपते.

या पक्ष्याचे जगणे दोन बंधनांत अडकलेले आहे. पहिले बंधन घरट्याचे. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने ती सुमारे चाळीस दिवस उबवतात. पिले बाहेर आल्यावर एकाने घरट्यापाशी थांबायचे, दुसऱ्याने समुद्रावरून पोटात मासे भरून आणायचे आणि पिलांच्या चोचीत ओकायचे. पाळीवरचा जोडीदार भुकेलेला असतो आणि पिले त्याहून भुकेली, त्यामुळे फार लांब जाता येत नाही. वीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत मासे मिळाले तर पिले जगतात. त्यापलीकडे जावे लागले तर फेऱ्या लांबतात आणि पिलांची वाढ खुंटते.

दुसरे बंधन पिसांचे. वर्षातून एकदा पेंग्विन अंगावरची सगळी पिसे एकदम टाकतो. नवी पिसे येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, त्याचे अंग पाण्यात उबदार राहू शकत नाही. साहजिकच या काळात तो किनाऱ्यावर उपाशी उभा असतो. त्याआधी भरपूर खाऊन चरबी साठवायची आणि नंतर पुन्हा खाऊन ती भरून काढायची, हा त्याचा वार्षिक ताळेबंद. त्यात तूट आली की पक्षी थेट मरतो. डासेन आणि रॉबेन या बेटांवरील पक्ष्यांचा अभ्यास डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ ते २०११ या काळात सुमारे ६२ हजार प्रौढ पेंग्विन प्रामुख्याने उपासमारीने मेले असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. रॉबेन बेट आपल्याला नेल्सन मंडेला यांच्या तुरुंगवासामुळे ठाऊक आहे. तेथील हे मृत्यू मात्र निमूटपणे घडून गेले.

मासे गेले कुठे? आपल्या बाजारातील तारली आणि मांदेली यांच्याच गोतातले हे मासे थव्याने फिरतात आणि पाण्याचे तापमान, क्षारता बदलली की जागा बदलतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सार्डिनची वीण फारशी साधेनाशी झाली आणि दक्षिण किनाऱ्यावर अधिक साधू लागली. मासळीचा मोठा हिस्सा अगुल्हास भूशिराच्या पूर्वेकडे सरकला. पश्चिमेकडील बेटांवरच्या पेंग्विनला शेकडो किलोमीटरवरील या माशांचा काही उपयोग नव्हता.

येथपर्यंत दोष बदलत्या समुद्राचा. पुढचा भाग माणसाचा आहे. सार्डिन डबाबंद करणारे, अँकोव्हीची भुकटी करणारे कारखाने मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर होते. कारखानेही पेंग्विनप्रमाणे एका जागी बांधलेले! त्यामुळे मासे पूर्वेला गेले तरी पर्ससीन जाळी पश्चिमेलाच पडत राहिली. पश्चिमेकडे जी थोडी मासळी उरली होती, तिच्यावर पूर्वीइतकाच भार पडला. देशभरातील एकूण साठ्याच्या हिशेबाने पकड कदाचित वाजवी दिसत असेल. त्या एका किनाऱ्यापुरती ती बेसुमार होती. कोकणात पर्ससीनवरून होणारा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘किती पकडले’ इतकाच ‘कुठे पकडले’ हाही प्रश्न असतो, हे वेगळे सांगायला नको.

नामिबियात याचे आणखी विदारक रूप दिसते. तेथील सार्डिन १९६० आणि ७० च्या दशकांतील बेसुमार मासेमारीनंतर संपली. तिची जागा जेलीफिश आणि निकस गोबी माशांनी घेतली. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या तरुण पेंग्विनांविषयीच्या २०१७ च्या एका अभ्यासात आढळले, की घरटे सोडून पहिल्यांदाच समुद्रावर निघालेले अनेक पक्षी आजही तिकडेच जातात. थंड आणि हिरवट पाणी दिसले की तेथे मासे असणार, ही हजारो वर्षांची खूणगाठ. पाणी तसेच आहे, मासे नाहीत. अनुभवी पक्षी कदाचित सावरतील, पण पहिल्याच वर्षात फसलेले पिलू विणीला परत येत नाही.

आकडा घटण्याचे आणखी एक दुष्टचक्र आहे. पाठीवर छोटे कॅमेरे बांधून केलेल्या पाहणीत दिसले, की पेंग्विन गटाने माशांचा थवा खालून वर रेटतात तेव्हा शिकार अधिक साधते. पक्षी विरळ झाले की गटही विरळ होतात.

या पार्श्वभूमीवर न्यायालयीन आदेशाकडे पाहावे लागेल. बेटांभोवती मासेमारी बंद करण्याचा प्रयोग २००८ पासून आळीपाळीने चालला. त्याचे मूल्यमापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये सांगितले, की या बंदीचा फायदा होतो, पण तो वर्षाला सुमारे एक टक्का वाढीएवढाच. उद्योगाने याच आकड्याचा आधार घेत रोजगाराचा प्रश्न पुढे केला. संरक्षक संस्थांची तक्रार वेगळीच होती. सरकारने आखलेली बंद क्षेत्रे पेंग्विन जेथे खरोखर चरतात त्या पाण्याशी जुळत नव्हती. दाव्यामुळे ती सुधारली, हे या लढ्याचे खरे यश.

परंतु ऱ्हासाचा वेग वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास असताना एका टक्क्याने तो थांबणार नाही, हेही उघड आहे. पश्चिम किनाऱ्यावर सार्डिनचा साठा ठराविक पातळीखाली गेला की तेथील पकड आपोआप घटेल, असा किनारानिहाय कोटा ठरविल्याखेरीज बेटांभोवतीची वर्तुळे तोकडीच पडतील. मासे वर्तुळाच्या आत येण्याआधीच बाहेर पकडले गेले, तर आतल्या शांततेचा लाभ कोणाला? आणि ती शांतताही सर्वत्र नाही. पूर्वेकडील अल्गोआ उपसागरात २०१६ पासून जहाजांत भर समुद्रात इंधन भरण्याचा व्यवसाय सुरू झाला, पाण्याखालील गोंगाट वाढला आणि एकेकाळी सर्वांत मोठी असलेली सेंट क्रॉय बेटावरची वसाहत झपाट्याने ओसरली.

घरट्यांचे दुखणे तर त्याहून जुने. बेटांवर साचलेल्या विष्ठेच्या थरात पेंग्विन बिळे करीत. एकोणिसाव्या शतकात खतासाठी ते थर खरवडून नेले गेले; पुढे अंडीही लाखांनी बाजारात गेली. आज अनेक पक्षी उघड्यावर वीण करतात. उष्म्याने हैराण होऊन अंड्यांवरून उठले की सीगल अंडी पळवतात. स्वयंसेवी संस्था आता कृत्रिम घरटी ठेवीत आहेत.

मासे पेंग्विनकडे येत नसतील तर पेंग्विनला माशांकडे न्यावे, हा प्रयोगही सुरू आहे. दक्षिण किनाऱ्यावरील डी हूप अभयारण्यात पूर्वी काही जोड्या आपणहून वसल्या होत्या. पण शिकारी श्वापदांनी त्यांना टिकू दिले नाही. आता तेथे कुंपण घालून सिमेंटचे बनावट पेंग्विन उभे केले आहेत, ध्वनिक्षेपकावरून वसाहतीचा कलकलाट ऐकवला जातो आणि वाढवलेली पिले सोडली जातात. २०२२ मध्ये तेथे एका जोडीने दोन पिले वाढवली.