चौकटीत बाईचं काय?

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण पातेल्यातला भात बहुतेक सगळीकडे सारखा शिजतो. शेत तसं नसतं. विहिरीजवळ एक रोप, बांधावर दुसरं, पाणथळीत तिसरं. म्हणून शेतातल्या वनस्पतींची विविधता मोजताना शितं पुष्कळ घ्यावी लागतात, आणि तीही मर्जीनं निवडून चालत नाही. नकाशावर चौकोन आखून क्रमांक द्यायचे, चिठ्ठ्या टाकून काही क्रमांक काढायचे, त्या जागी मीटरभर लांबी-रुंदीची चौकट ठेवायची आणि आतल्या जाती व प्रत्येक जातीची रोपं मोजायची. पुस्तकी भाषेत ही यादृच्छिक नमुना पाहणी. नुसत्या जाती मोजून भागत नाही. दोन शेतांत दहा-दहा जाती असतील, पण एकात शंभरातली ९१ रोपं गाजरगवताचीच असली, तर ती शेतं सारखी नव्हेत.

पद्धत चांगली आहे. चिठ्ठी शेतमालकाचं ऐकत नाही, साहेबाचंही नाही. पण ती फक्त जागा ठरवते. कधी मोजायचं, बांध धरायचा का, नाव कोणाला विचारायचं, हे माणसं ठरवतात. बाई गळते ती इथे.

खुरपणीनंतर मोजलं तर कुर्डू, तांदुळजा, पाथरी, घोळ चौकटीत कशा सापडणार? त्या बाईच्या ओच्यातून चुलीवर गेलेल्या असतात. बांध अरुंद, म्हणून चिठ्ठीत क्वचितच येतो. पण नांगर न फिरलेल्या त्या पट्ट्यातच कितीतरी जाती तग धरतात. आणि सापडलेली भाजी ‘तण’ म्हणून नोंदली की पुढचा सल्ला तणनाशकाचा. त्या फवाऱ्यात भाजी जाते, खुरपणीची मजुरीही जाते. दोन्ही बाईचीच.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं स्थानिक समित्या आणल्या. गावची लोकजैवविविधता नोंदवही करणं हे त्यांचं काम. २००४ च्या नियमांनी समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया ठरवल्या. सहीपुरती खुर्ची मात्र आपल्याला नको. गटांनी ग्रामसभेत मागणी करावी : मोजणी खुरपणीआधी व्हावी. बांध, ओढाकाठ आणि पीक यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढाव्यात. खुरपणाऱ्या बाया मोजणीत असाव्यात, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळावी. नोंदवहीत त्यांनी सांगितलेलं नाव आणि उपयोग आधी लिहावा.

घरच्या शेतात फुकट राबणंही कामच, हे १९९१ च्या जनगणनेच्या प्रश्नात शब्दांनी लिहावं लागलं. बाईची भाजीही तशीच लिहून घ्यावी लागेल.