आधी रॅम मोजा, मग डेस्कटॉप निवडा

गणपतीला मुंबईहून दादा येतो. संगमेश्वर रोडला गाडीतून उतरताना एका हातात मखराचं सामान आणि पाठीवरच्या बॅगेत ऑफिसने नवा दिला म्हणून उरलेला जुना लॅपटॉप. "घे, कॉलेजला होईल तुला." आपल्या तालुक्यात पहिला कॉम्प्युटर घरी असाच आला, अशी घरं किती असतील? वर्गात एकदा हात वर करायला सांगा, बघा.

आता अडचण अशी की तो लॅपटॉप बहुधा विंडोज १०चा असतो, आणि मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. मुदतवाढीची सोय आहे, पण ती कायमची नाही. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. दादाचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा. मग उरतं काय? कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधलं क्रॅक केलेलं विंडोज, नाहीतर लिनक्स. ज्या मशीनवरून तुम्ही स्कॉलरशिपचा फॉर्म भरता, बँकेचं लॉगिन करता, त्यावर अनोळखी माणसाने फोडलेली सिस्टिम टाकणं म्हणजे घराची किल्ली स्टँडवर टांगून ठेवण्यासारखं आहे. म्हणून लिनक्सकडे वळणाऱ्यांच्या बाजूने आम्ही आहोत. पण तिथे पहिल्याच पायरीवर बरेच जण घसरतात, आणि ती पायरी म्हणजे डेस्कटॉप.

विंडोजवाल्यांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तिथे जे समोर येतं तेच वापरायचं. लिनक्सचं तसं नाही. खालचं इंजिन तेच, पण वरचा पॅनल, मेनू, खिडक्या, सेटिंग्ज हा सगळा थाट वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळा बनवलाय: ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, मॅटे, एक्सएफसीई. गेम खेळायचाय म्हटलं की पोरं व्हिडिओ बघतात. त्यातल्या काचेसारख्या चकचकीत खिडक्या आवडतात. तोच डेस्कटॉप ४ जीबी रॅमच्या, जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर चढतो. गेम अडखळतो. निकाल लागतो, "लिनक्सवर गेम चालत नाही रे." आणि स्वारी परत त्या पेनड्राइव्हकडे.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. डेस्कटॉप बदलून फ्रेम्स क्वचितच वाढतात. डेस्कटॉप निवडायचा तो तुमच्याकडे रॅम किती आणि स्क्रीन कसा, हे बघून. फोटो बघून तर नाहीच.

का, ते सांगतो. प्रत्येक आधुनिक डेस्कटॉपमध्ये कंपोझिटर नावाचा एक भाग असतो. सगळ्या खिडक्यांची चित्रं गोळा करायची, एकावर एक रचायची आणि तयार चित्र स्क्रीनला द्यायचं, हे त्याचं काम. देवरुख डेपोतला कंट्रोलर आठवा. गाडी आली की त्याच्याकडे नोंद, मगच पुढे. गेमचं प्रत्येक चित्र असं थांबून गेलं तर थोडा उशीर होणारच. पण गेम फुलस्क्रीन असेल तर बहुतेक डेस्कटॉप त्याला विनाथांबा गाडीसारखं थेट स्क्रीनवर सोडतात. प्लाझ्मा आणि ग्नोम हे आपणहून करतात. सिनॅमनमध्ये फुलस्क्रीनच्या वेळी कंपोझिटिंग बंद ठेवायचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे. एक्सएफसीईमध्ये तर कंपोझिटर पूर्णच बंद करता येतो. म्हणजे गेम एकदा स्क्रीनभर उघडला की मागे कुठला डेस्कटॉप आहे याचा फरक फार थोडा उरतो. खिडकीत खेळणाऱ्यांनी मात्र ही सूट गृहीत धरू नये.

फरक पडतो तो रॅममुळे. डेस्कटॉप नुसता उघडून ठेवला तरी ग्नोम आणि प्लाझ्मापेक्षा एक्सएफसीई काही शे एमबी कमी घेतो. १६ जीबीवाल्याला त्याचं काही वाटणार नाही. पण ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नसतं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक त्याच रॅममधून आपला वाटा उचलतं, वर ब्राउझर उघडा, वर स्टीम. तिथे ते काही शे एमबी म्हणजे गेम चालणं आणि हार्ड डिस्क कुरकुरत बसणं यातलं अंतर. अशा लॅपटॉपला एक्सएफसीई घ्या. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती तयार मिळते, ती पुरे. दिसायला साधा आहे, कबूल.

८ जीबी आणि एसएसडी असेल तर प्लाझ्मा, हे आमचं मत. विंडोजमधून आलेल्याला हात बसवायला वेळ लागत नाही, खाली पॅनल, डाव्या कोपऱ्यात मेनू. कुणी १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर जोडला, किंवा दोन स्क्रीन वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे असले, तरी तो नीट सांभाळतो. गेमच्या फ्रेम्सप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलणारं व्हीआरआर त्यात २०२१पासून आहे, ग्नोममध्ये ते २०२४ला आलं आणि तेही आधी प्रायोगिक म्हणून. फक्त प्लाझ्मा टाकल्यावर पहिल्या दिवशी फाइल इंडेक्सिंगकडे बघा. फाइल्स शोधणं सोपं जावं म्हणून तो मागे तुमच्या फाइल्स चाळत असतो. हार्ड डिस्क जुनी असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंदच करा. ग्नोमवर आमचा राग नाही. अभ्यासाला, एका वेळी एकच काम करणाऱ्याला तो छान आहे, पण हवं ते जागच्या जागी बदलायची सवय असलेल्या गेमरला त्यात एक्स्टेन्शन जोडत बसावं लागतं. सिनॅमन आणि मॅटे मधल्या वाटेचे, घेतलेत तरी पस्तावणार नाही.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो: स्टीम डेकवर प्लाझ्मा आहे, म्हणजे गेमिंगला प्लाझ्माच बेस्ट. अर्धं खरं. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२मध्ये बाजारात आला, त्याच्या डेस्कटॉप मोडमध्ये प्लाझ्मा आहे हेही खरं. पण त्यावर गेम खेळला जातो तो गेम मोडमध्ये, आणि तिथे प्लाझ्मा चालूच नसतो. गेमस्कोप नावाचा स्वतंत्र, छोटा कंपोझिटर ते काम करतो. गेम चालण्याचं खरं श्रेय प्रोटॉनला. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालवणारं हे साधन व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८मध्ये आणलं, आणि ते उभं आहे १९९३पासून चालत आलेल्या वाइन या प्रकल्पावर. प्रोटॉन ग्नोमवर चालतो, एक्सएफसीईवरही चालतो.

प्रोटॉनची मर्यादा मात्र जुन्या लॅपटॉपवाल्यांनी समजून घ्यायला हवी. डायरेक्टएक्सच्या बऱ्याच गेम्सचं तो व्हल्कनमध्ये रूपांतर करतो. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिकला व्हल्कन पूर्ण झेपत नाही. तिथे तुम्ही पाचही डेस्कटॉप बदलून पाहिलेत तरी तो गेम रडणारच. अशा मशीनवर जुने आणि टू-डी गेम्स खेळा, मजेत खेळा.

खरं तर डेस्कटॉपच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: तुमचा गेम लिनक्सवर येतो का? व्हॅलोरंट नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइटही नाही. जीटीए ५ची कथा खेळता येते, पण सप्टेंबर २०२४मध्ये त्यात बॅटलआय हे अँटी-चीट बसवल्यापासून लिनक्सवाल्यांना ऑनलाइनचं दार बंद झालंय. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे थेट लिनक्ससाठीच उपलब्ध आहेत, प्रोटॉनचीही गरज नाही. तुमची सगळी गँग रात्री व्हॅलोरंटच खेळणार असेल तर डेस्कटॉपची चर्चा करण्यात अर्थ नाही, आणि हे लिनक्स टाकायच्या आधी कळलेलं बरं. बाकी कुठल्याही गेमसाठी प्रोटॉनडीबीवर नाव टाकून बघा, इतरांचा अनुभव कळतो.

हे डेस्कटॉप बनवले कुणी, तेही सांगायला हवं. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीईची घोषणा करणारा माटियास एट्रिख हा जर्मनीत ट्युबिंगेनला शिकणारा विद्यार्थी होता. (विंडोज १०चा सपोर्ट संपला तोही १४ ऑक्टोबरच. योगायोग!) ग्नोमची सुरुवात पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या दोन तरुणांनी केली. आणि आपल्याकडे? केडीईची भारतातली परिषद फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्यात, सीओईपीत भरली होती, तिथल्याच मुलांच्या फ्री सॉफ्टवेअर गटाच्या पुढाकाराने. त्याच महिन्याच्या २८ तारखेला प्लाझ्मा ६ जगभर आला. तेव्हा हे सगळं कुठेतरी दूर, आपल्या आवाक्याबाहेर चाललंय असं समजू नका. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, फुकट आहेत.

बरं, ठरवायचं कसं? पेनड्राइव्हवर लाइव्ह आवृत्ती करा, इन्स्टॉल न करता चालू करा, ब्राउझर उघडा आणि सिस्टिम मॉनिटरमध्ये रॅम किती उरली ते वाचा. टाकल्यानंतर मँगोहड लावा. नाव आंब्याचं असलं तरी आपल्या हापूसशी त्याचा संबंध नाही, गेम चालू असताना कोपऱ्यात फ्रेम्स आणि रॅम दाखवणारं ते साधन आहे. एकच गेम, तीच जागा, दहा मिनिटं, आकडे वहीत लिहा. मग दुसरा डेस्कटॉप. दोन्हींत दोन-तीन फ्रेम्सचा फरक असेल तर तो विसरा आणि ज्यात तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला बरं वाटतं तो ठेवा, कारण मशीन एकच आहे आणि सबमिशनही त्याच्यावरच व्हायचंय. मोजताना चार्जर लावलेला असू दे. पावसात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, लॅपटॉप बॅटरीवर गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि दोष डेस्कटॉपच्या माथी.

डेटाचंही बघा. काउंटर-स्ट्राइक २ तीस जीबीच्या वर जातो, रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर तो उतरायला पंधरवडा जाईल. हॉस्टेलवर कुणाकडे असेल तर दोघांनी एकाच वायफायवर या. स्टीममध्ये फेब्रुवारी २०२३पासून एका मशीनमधून दुसऱ्यात थेट गेम घ्यायची सोय आहे, त्यात गेमसाठी इंटरनेटचा डेटा फारसा जात नाही. शेडर प्री-कॅशिंग मागच्या मागे डेटा ओढतं, पॅक मोजून वापरत असाल तर ते बंद ठेवा. सुरुवातीला गेम थोडा अडखळेल, चालायचंच. आणि विंडोजच्या जुन्या पार्टिशनवर ठेवलेले गेम प्रोटॉनमधून चालवू नका, तिथे नसते घोळ होतात.

राहता राहिला ४ जीबीचा लॅपटॉप. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमची एक पट्टी बसवलेली असते आणि दुसरी खाच रिकामी. तिथे तशीच दुसरी ४ जीबीची पट्टी टाकली की रॅम दुप्पट होतेच, शिवाय दोन पट्ट्या एकदम वाचल्या जात असल्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिकचा वेगही वाढतो. कुठलाही डेस्कटॉप बदलून एवढा फरक पडत नाही. मागचं झाकण उघडून खाच आहे का बघा, पट्टी डीडीआर ३ की डीडीआर ४ ते लिहून घ्या, आणि शिमग्याला दादा येईल तेव्हा त्यालाच येताना घेऊन ये म्हणून सांगा.