विश्लेषण : मधुमेहींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची सोनोग्राफी कशासाठी?

मोतीबिंदू काढला, नवी लेन्स बसवली, तरी नीट दिसत नाही, अशी तक्रार काही मधुमेही रुग्ण करतात. दोष दरवेळी शस्त्रक्रियेचा नसतो. मोतीबिंदूमागचा पडदा, म्हणजे रेटिना, आधीच खराब झालेला असू शकतो.

मधुमेहींना धोका अधिक का?

‘आयसीएमआर-इंडियाब’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहींना मोतीबिंदू तुलनेने लवकर होतो. शिवाय वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिल्यास पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. हीच डायबेटिक रेटिनोपॅथी. आजार वाढल्यावर तेथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, डोळ्यात रक्तस्राव होतो किंवा पडदा ओढला जाऊन जागेवरून सुटतो.

सोनोग्राफीच का?

एरवी डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून डॉक्टर पडदा पाहतात. मोतीबिंदू पूर्ण पिकला, की पडद्यापर्यंत प्रकाश नीट पोहोचत नाही. मग पडद्याचा फोटो किंवा ‘ओसीटी’ या प्रकाशावर चालणाऱ्या तपासण्याही फारशा उपयोगी पडत नाहीत. ध्वनिलहरी मात्र पिकलेल्या मोतीबिंदूच्या पलीकडे जातात.

‘बी-स्कॅन’ कशी करतात?

बंद पापणीवर जेल लावून छोटा प्रोब फिरवला जातो. तपासणी काही मिनिटांत होते, त्यात किरणोत्सर्ग नसतो. लेन्सचा नंबर काढण्यासाठी होणारी ‘ए-स्कॅन’ मात्र वेगळी. ती डोळ्याची लांबी मोजते, पडद्याची अवस्था सांगत नाही.

अहवालाने काय बदलते?

रक्तस्राव किंवा सुटलेला पडदा दिसल्यास रुग्णाला आधी रेटिनातज्ज्ञाकडे पाठवले जाते. काहींमध्ये मोतीबिंदूसोबतच व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. नजर किती परत येईल, याची कल्पनाही घरच्यांना आधीच देता येते.

अहवाल ‘नॉर्मल’ म्हणजे काळजी मिटली?

नाही. पडद्याच्या मध्यभागाची बारीक सूज आणि सुरुवातीची रेटिनोपॅथी सोनोग्राफीत सहसा कळत नाही. मोतीबिंदू काढल्यानंतर ही सूज वाढूही शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर समोरचे दिसू लागले तरी पडद्याची तपासणी टाळू नये.

प्रत्येकाला गरज आहे?

नाही. मोतीबिंदू कच्चा असेल आणि पडदा स्पष्ट दिसत असेल, तर थेट तपासणी पुरते. प्रश्न येतो तो उशिरा येणाऱ्यांचा. मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावर शिबिरात आलेल्या, कधीच पडदा न तपासलेल्या मधुमेहीसाठी ही छोटी चाचणी निर्णायक ठरते. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख घेताना ‘पडदा पाहिला का? दिसत नसेल तर बी-स्कॅन केली का?’ हे दोन प्रश्न रुग्णाने किंवा नातेवाइकांनी जरूर विचारावेत.