समाजीला सॅम्युएल करू नका



माझी एक जुनी केरळी मैत्रीण हाइलला नर्स आहे. सौदीतलं हे हाइल म्हणजे आपल्या लहानपणच्या गोष्टीतल्या हातिमताईचा मुलूख. परवा तिने फोनवर विचारलं, "इथे दानाला हातिमचं नाव घेतात आणि वचनाला समौअलचं. हा तुमच्यापैकीच का गं?"

आपल्यापैकीच! हाइलच्या पश्चिमेला तैमा आहे. सहाव्या शतकात तिथल्या अल-अब्लक गढीत समौअल इब्न आदिया हा यहुदी कवी राहायचा. इम्रुल कैस या कवीने त्याच्याकडे आपली चिलखतं ठेवायला दिली होती. शत्रूने समौअलचा मुलगा पकडला आणि चिलखतं मागितली. अरब सांगतात की बापाने डोळ्यांदेखत मुलगा गमावला, पण ठेव दिली नाही.

नाव तेच, हन्नाने नवसाने मागून घेतलेल्या शमुवेल नबीचं. अरबस्तानात त्याचं समौअल झालं आणि कोकणात समाजी. समौअलला कोणी अडाणी उच्चार म्हणत नाही. मग आपल्या समाजीचीच लाज का वाटते?

हल्ली परदेशातल्या वंशावळी माझ्याकडे वाचायला येतात. समाजीचा सॅम्युएल, हसाजीचा इझिकेल आणि गावाचं आडनाव गाळलेलं. का, तर म्हणे "खरं नाव" लिहिलं. अहो, हिब्रूत ते श्मुएल आहे. सॅम्युएल हे इंग्रजांचं वळण. म्हणजे कोकणातलं वळण तेवढं खोटं आणि विलायतेतलं खरं?

मला हे दुखतं, कारण उभा जन्म वॉर्डात गेला. एकाच नावाचे दोन पेशंट असले की नुसत्या नावावर आम्ही औषध देत नसू. बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं विचारायचं. चूक झाली तर माणूस जातो. इतिहासातही तसंच होतं.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शआर हारहमीम, १७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतल्या समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्याचा तो नवस होता, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्या तीन शब्दांत माणूस, बाप आणि गाव आहे. नुसतं 'सॅम्युएल' लिहा, मग जगातल्या हजारो सॅम्युएलांत त्यांना शोधत बसा.

तिथल्या लोकांना समाजी उच्चारता येत नाही, हे मला कळतं. इस्राएलमध्ये आपण यहुदी आहोत का, हेच विचारलं गेलं होतं, १९६४ पर्यंत लढावं लागलं, तेही मला माहीत आहे. तेव्हा घाबरून नाव झाकलं असेल, तर त्यांना मी दोष देणार नाही. पण आज कोण विचारतंय? आज आपणच खोडतोय.

नातवाला शाळेत सॅम म्हणा, माझी हरकत नाही. पण वंशावळीत आणि कबरीच्या दगडावर समाजी लिहा, बापाचं नाव लिहा, गाव लिहा. पूर्वजांनी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली ही ठेव आहे. तैमाच्या समौअलने परक्याची ठेव सांभाळली. आपल्याला आपल्या घरची सांभाळता येऊ नये?