वारसा म्हणे!

अमेरिकेच्या दक्षिणेत स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ सुट्टीवर आले की आम्हाला इतिहास शिकवतात. यंदाचा धडा कॉन्फेडरेट, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, झेंड्याचा: तांबडं कापड, त्यावर निळी फुली, फुलीत तेरा पांढऱ्या चांदण्या. त्यांचं म्हणणं असं, की हा शौर्याचा आणि वाडवडिलांचा झेंडा. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं. गुलामगिरी उगाच मध्ये आणली जाते. आणि ज्याला झेंडा खुपतो त्याचं मनच कोतं.

राज्यांचे हक्क? डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना साउथ कॅरोलायनाने जी कारणं छापली, त्यांत मोठी तक्रार हीच, की उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत धाडत नाहीत. शौर्य म्हणाल, तर खुद्द दक्षिणेचा सेनापती ली याने १८६९ मध्ये युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नका असं लिहिलं होतं.

पण ‘वारसा’ या युक्तिवादाला मी सहजी सोडणार नाही. १८६५ मध्ये ली शरण गेला. पुढची कित्येक दशकं हा झेंडा मुख्यतः दफनभूमीत आणि म्हाताऱ्या सैनिकांच्या मेळाव्यांत दिसे. मग वारशाला अचानक जाग केव्हा आली? १९४८ मध्ये, समान नागरी हक्कांवर रुसून दक्षिणेतले पुढारी आपला पक्ष सोडून निघाले तेव्हा. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवली आणि १९५६ मध्ये जॉर्जियाने ही फुली राज्याच्या झेंड्यात घातली. मार्च १९६१ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या राजधानीत, कोलंबियात, विधानभवनावर शांतपणे मोर्चा नेणारे १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थी दोषी ठरले, आणि युद्धाच्या शताब्दीचं निमित्त करून त्याच वर्षी त्याच विधानभवनाच्या घुमटावर हा झेंडा चढला. १९६२ मध्ये तो तिथे फडकवण्याचा ठरावही झाला. फक्त उतरवायची तारीख घालायचं राहून गेलं. विसरभोळी माणसं!

२००० मध्ये घुमटावरून उतरवून तो आवारातल्या एका काठीवर लावला. जून २०१५ मध्ये त्याच राज्यातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. घुमटावरचे झेंडे अर्ध्यावर आले, हा मात्र टोकालाच. कारण काठीला कप्पीच नव्हती, आणि हात लावायचा तर तेव्हाच्या कायद्याने विधिमंडळात दोनतृतीयांश मतं हवी होती. १० जुलैला तो एकदाचा उतरला.

आणि वाडवडील कुणाचे? १८६० मध्ये साउथ कॅरोलायनात निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. त्यांच्या नातवंडांना विचारलं का, असं मी म्हटल्यावर गृहस्थांनी चहा मागवला. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. पुण्यात बसून त्यांना जे उमगलं, ते यांना तिथे राहून दिसत नाही.

मग माझं म्हणणं काय? झेंडा संग्रहालयात असावा, शेजारी त्या छापील कारणांची प्रतही. सरकारी काठीवर नसावा. खाजगी पिकअपच्या मागे लावून फिरणाऱ्याला तिथला कायदा अडवत नाही, अडवूही नये. पण मागच्या गाडीतल्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे चालकाने ठरवू नये.