पडद्यावरची आई, मालिकेतली सासू

नायक-नायिकेच्या नात्यातील वा भोवतीच्या माणसांच्या भूमिका करणाऱ्या नटनट्यांना ‘चरित्र अभिनेते’ म्हणण्याचा प्रघात आहे. अशा भूमिकेला कथेत स्वतःचा प्रवास क्वचितच असतो, कारण तिचे प्रयोजन दुसऱ्याच्या प्रवासाला कारण, अडथळा किंवा आसरा पुरवण्यापुरतेच असते. रीमा लागू यांची कारकीर्द या चौकटीच्या मर्यादा जितक्या स्पष्ट दाखवते, तितक्याच त्या मर्यादा अभिनेत्रीच्या नसून लेखनाच्या होत्या, हेही दाखवते.

मूळच्या नयन भडभडे असलेल्या रीमा या अभिनेत्री मंदाकिनी भडभडे यांच्या कन्या. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातील अंबिकेसारखी मध्यवर्ती भूमिका त्यांनी मराठी रंगभूमीवर पेलली होती. हिंदी चित्रपटाने मात्र त्यांना तिशीतच आई केले. ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) मध्ये त्या नायिकेची आई झाल्या आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये सलमान खानची, जो त्यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी लहान होता. या दुसऱ्या चित्रपटातील कौसल्या मुलाच्या प्रेमाला मनापासून साथ देते, आणि निरुपा रॉय यांच्या पडद्यावरील सोशिक, अश्रू ढाळणाऱ्या आईच्या जागी नीटनेटकी, हसरी, मुलाशी मैत्रीने वागणारी मध्यमवयीन स्त्री येथे उभी राहते. हा बदल खरा होता. पण तो यशस्वी ठरताच त्याचाही साचा झाला, हे निर्मात्यांच्या सवयीला धरूनच झाले म्हणायचे.

त्या साच्याला खरा तडा गेला तो महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘वास्तव’ (१९९९) मध्ये. गुन्हेगारीत रुतलेल्या, भीतीने सैरभैर झालेल्या मुलाला आई स्वतःच्या हाताने गोळी घालते, तेव्हा ‘मदर इंडिया’ (१९५७) ची आठवण अपरिहार्य असते. शिवाय त्या चित्रपटातील आई नर्गिस यांचा पुत्र संजय दत्त हाच येथे मुलाच्या भूमिकेत आहे. परंतु तेथे आई गावाची अब्रू राखण्यासाठी मुलाचा बळी देते आणि येथे त्याची यातना संपवण्यासाठी, म्हणून रीमा यांच्या वाट्याला तेजस्वी निर्धार येत नाही, येते ती थिजलेली माया. संजय दत्तपेक्षा त्या सुमारे एकाच वर्षाने मोठ्या होत्या, तरी प्रेक्षकाला ते जाणवत नाही.

विनोद मात्र त्यांना दूरचित्रवाणीने दिला. १९९० च्या दशकातील ‘श्रीमान श्रीमती’ या प्रासंगिक विनोदी मालिकेत, म्हणजे ठरावीक पात्रे दर भागात नव्या पेचात सापडतात अशा प्रकारच्या मालिकेत, त्या केशव कुलकर्णीची पत्नी कोकिळा होत्या. नवरा शेजारच्या अभिनेत्रीवर लुब्ध आणि त्या अभिनेत्रीचा नवरा कोकिळेवर, अशा रचनेत विनोदाचा तोल कोकिळेच्या घरंदाज साधेपणावर टिकून होता. सचिन पिळगावकर यांच्या ‘तू तू मैं मैं’ मध्ये सुप्रिया यांच्यासमोर सासू साकारताना त्यांना आणखी मोकळीक मिळाली. चित्रपटातील आईला प्रसंगाच्या कडेला उभे राहावे लागे; येथे भांडण उकरून काढणे, डाव टाकणे, हरल्यावर पुन्हा सज्ज होणे ही सारी सूत्रे सासूच्या हाती होती, आणि मालिकेला लाभणाऱ्या अनेक भागांच्या अवधीमुळे तिचा हेका, लहर, लबाडी हळूहळू साकारता आली.

१८ मे २०१७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘नामकरण’ या मालिकेत त्या दयावंती मेहता ही कठोर, कारस्थानी आजी रंगवत होत्या.